गिलाव्याआधीचं घर

स्वतः बांधलेल्या कुठल्याही मराठी घराचा अल्बम उघडून पाहा. सुरुवातीला भूमिपूजन असतं. हातात टिकाव धरलेले वडील, नारळ, हळदीकुंकू वाहिलेली पहिली वीट. त्यानंतर एकदम वास्तुशांत येते. होमाचा धूर, नव्या साड्या, दारावर झेंडूचं तोरण. मधे फार तर एखादा फोटो स्लॅबच्या दिवसाचा, तोही मिक्सरजवळ पेढे वाटतानाचा. या दोन पूजांच्या मधे सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं गेलेली असतात. घर म्हणून जे काही उभं राहतं ते त्याच काळात. सळ्या बांधल्या जातात, पाइप टाकले जातात, वायर ओढल्या जातात, भिंतींना झिऱ्या मारून त्या पुन्हा भरल्या जातात. त्या काळातलं अल्बमात काही नसतं.

हा लेख त्या रिकाम्या पानांबद्दल आहे. ती भरायला फारसा खर्च येत नाही, कारण खिशातला फोन पुरतो. पण वेळ मात्र चुकली की पुन्हा येत नाही.

सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूला एका शिक्षक दांपत्याचं घर बांधायचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी स्लॅब होता. सेंटरिंगच्या फळ्यांवर सळ्यांची जाळी बांधून झाली होती, खाली कव्हर ब्लॉक सरकवले होते आणि संध्याकाळच्या उजेडात वायरमन एकटाच वर वाकून काम करत होता. पंख्याचे डबे बसवायचे, डब्यापासून डब्यापर्यंत पांढरे पीव्हीसी पाइप न्यायचे, ते बाइंडिंग वायरने सळीला बांधायचे, तोंडं कागदाने आणि टेपने बंद करायची. बाई फोन घेऊन शिडी चढून वर आल्या. प्रत्येक खोलीच्या डोक्यावर उभं राहून त्या फोटो काढू लागल्या, तेव्हा वायरमन म्हणाला, ‘‘मॅडम, उद्या दुपारपर्यंत हे सगळं गाडलं जाणार. मग मला विचारलंत तरी मी अंदाजानंच सांगणार. माझ्या हातून वर्षाला किती घरं जातात, कुठला पाइप कुठनं नेला ते कसं लक्षात राहील?’’ बाईंनी त्याच्याकडून मेजर टेप मागून घेतली. तिचं एक टोक बीमच्या कडेला लावलं, दुसरं पंख्याच्या डब्याशी धरलं आणि टेपसकट फोटो घेतला. बीमच कशाला, असं त्यांच्या यजमानांनी विचारलं. तर स्लॅब झाल्यावर, सेंटरिंग काढल्यावर, खालून पाहणाऱ्याला बीम दिसणार आहे. फळ्या दिसणार नाहीत, त्या ठेकेदाराच्या गाडीतून पुढच्या साइटवर गेलेल्या असतील. मोजमाप घ्यायचं ते पुढे जागेवर राहणाऱ्या गोष्टीपासून, हे त्या बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःच विचार करून त्या तिथे पोचल्या होत्या.

घरगुती स्लॅबची जाडी साधारण पाच इंच. पाइप खालच्या जाळीच्या वरून जातात. काँक्रीट पडायला लागलं की त्यांच्यावरून बिगारी घमेली घेऊन चालतात, व्हायब्रेटरचं तोंड कुठेतरी आदळतं, एखादा जोड सुटतो आणि आत सिमेंटचं पाणी शिरतं. महिन्याभराने वायर ओढायला स्प्रिंग घातली की ती मधेच अडते. पाइप चोक झालेला असतो. मग वायरमन दुसरी वाट काढतो. कधी शेजारच्या खोलीतून फिरवून आणतो, कधी बीमखालून भिंतीत नवी झिरी मारतो. म्हणून स्लॅबच्या आदल्या संध्याकाळचा फोटो हा शेवटचा शब्द नव्हे. बदललेल्या वाटेचा फोटो त्याच दिवशी घ्यायला हवा आणि जुन्या फोटोवर ‘हा पाइप बंद, वापरात नाही’ असं लिहून ठेवायला हवं. हे झालं नाही तर फोटो असूनही तो चुकीचीच वाट दाखवेल.

आपल्या घरांतली वीज नेहमी अशी लपलेली नव्हती. ज्यांचं लहानपण चाळीत किंवा जुन्या वाड्यात गेलं त्यांना लाकडी पट्टीवरची वायरिंग आठवत असेल. सागवानी पट्ट्या, त्यांवर ओळीने मारलेल्या पत्र्याच्या क्लिपा, त्यांत धरलेली वायर. काही घरांत खाच असलेली लाकडी पट्टी आणि वरून झाकण अशी केसिंग-कॅपिंगची पद्धत होती. वायर कुठून आली, कुठे गेली, हे घरातल्या शाळकरी पोरालाही सांगता यायचं. दर दिवाळीला रंग काढताना पट्टीवर चुकून ब्रश फिरायचा, एवढाच काय तो त्रास. पुढे विटांवर गिलावा, गिलाव्यावर निरू किंवा जिप्सम, त्यावर गुळगुळीत रंग, आणि भिंतीवर काहीही दिसता कामा नये अशी आवड आली. वायर आत गेल्या. पाठोपाठ पाण्याचे पाइप आत गेले. आता एसीचे तांब्याचे पाइप, टीव्हीच्या केबल, इंटरनेटच्या केबल, इन्व्हर्टरची वेगळी लाइन, सगळं आतच. भिंत दिसायला सुंदर झाली यात वाद नाही. पण पट्टीवरची वायर स्वतःचा पत्ता स्वतः सांगायची. आतल्या वायरचा पत्ता मात्र कुणीतरी लिहून ठेवावा लागतो, आणि ते काम आपण कुणालाच दिलेलं नाही.

त्याचा फटका सगळ्यात जास्त स्वयंपाकघराला बसतो. ओट्याच्या मागच्या भिंतीत सिंकचा गार पाण्याचा पाइप, गरम पाण्याचा पाइप, वॉटर फिल्टरसाठी काढलेलं तोंड, मिक्सरचा पॉइंट, फ्रिजचा पॉइंट, चिमणीचा पॉइंट असं सगळं सात-आठ फुटांत कोंबलेलं असतं. घरात राहायला आल्यावर या भिंतीला भोकं पाडायला वेगवेगळी माणसं येतात. मॉड्युलर किचनवाले वरच्या कपाटांसाठी ओळीने भोकं मारतात. फिल्टर बसवणारा मुलगा कंपनीकडून येतो. त्याला दिवसभरात अशी बरीच घरं गाठायची असतात आणि तो या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत असतो. ‘इथे मारू का?’ असं तो विचारतो. घरातल्या माणसाला काय सांगायचं ते माहीत नसतं, म्हणून तो ‘हो’ म्हणतो. टाइल फोडून ड्रिलचा बिट दीड इंच आत जातो, आणि सीपीव्हीसी पाइपचा पातळसा विरोध मोडल्याचं कुणाच्या हाताला कळतही नाही. पाणी लगेच फवाऱ्यासारखं आलं तर नशीब चांगलं. कारण ज्या भिंतींत ते हळूहळू झिरपतं तिथे महिन्यांनी शेजारच्या खोलीत ओल उमटते, रंगाला पोपडे सुटतात आणि तोपर्यंत त्या भोकाची कुणाला आठवण नसते. पाइपऐवजी वायर लागली तर प्रश्न पैशांचा राहत नाही. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट असतात. बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवलेली आणि चालू असेल तर ती जीव वाचवू शकते. ती प्रत्येक घरात असतेच असं नाही.

भिंतीत झिरी मारणं हेसुद्धा नुसतं खोदणं नसतं. वजन पेलणाऱ्या विटांच्या भिंतींसाठी भारतीय मानक क्रमांक 1905 असं सांगतं की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल असू नये. आता नऊ इंची भिंतीचा हिशेब करा. आडवी झिरी दीड इंचापर्यंत चालते. चार इंची भिंतीत तोच हिशेब केला तर आडव्या झिरीला पाऊण इंचही मिळत नाही, म्हणजे 20 मिलिमीटरचा साधा पाइपदेखील नियमात बसत नाही. पण पाइप वाचावा म्हणून, किंवा बोर्डाची जागा मागाहून बदलली म्हणून, आडव्या आणि तिरक्या झिऱ्या सर्रास मारल्या जातात. आपल्याकडच्या पुष्कळ नव्या घरांत वजन कॉलम-बीम पेलतात, त्यामुळे घर पडत नाही. मात्र ती झिरी नीट भरली नाही, तिच्यावर कोंबडी जाळी मारली नाही, तर बरोबर त्याच रेषेत पुढे गिलाव्याला तडा जातो. रंगवलेल्या भिंतीवरचा असा सरळ तडा पाहिला की आत कुठून पाइप गेला असेल ते जाणत्या गवंड्याला ओळखता येतं.

आतल्या फोडाफोडीने घर किती पोखरलं जाऊ शकतं याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस. 1948 साली अध्यक्ष ट्रुमन यांच्या मुलीच्या, मार्गारेटच्या खोलीत पियानोचा पाय जमिनीतून खाली गेला. इंजिनिअरांनी तपासणी केली तेव्हा कळलं की दीडशे वर्षांत नळ, वाफेचे पाइप, विजेच्या तारा नेण्यासाठी जो येईल त्याने तुळया आणि भिंती कापल्या होत्या आणि कुणी काय कापलं हे दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. शेवटी बाहेरच्या भिंती तेवढ्या ठेवून आतलं सगळं घर रिकामं करून नव्याने बांधावं लागलं. ते काम 1952 पर्यंत चाललं. नॅशनल पार्क सर्व्हिसचे छायाचित्रकार अ‍ॅबी रो यांनी त्या कामाचे टप्प्याटप्प्याने फोटो काढले. उघड्या पडलेल्या विटा, पोलादी सांगाडा, पोकळ झालेल्या घरात उतरलेली यंत्रं हे सगळं त्यांत आहे. ते फोटो आजही उपलब्ध आहेत. राष्ट्राध्यक्षाच्या घराच्या भिंतीत काय आहे याची नोंद फोटोत असावी, हे शहाणपण ते घर पोखरलं गेल्यानंतर आलं.

काही देशांनी यावर वेगळा उपाय केला. वायर कुठून जाईल हेच ठरवून टाकलं. जर्मनीत डीआयएन 18015 या मानकाच्या तिसऱ्या भागात भिंतीवर उभे-आडवे पट्टे आखून दिले आहेत. छताखाली, जमिनीजवळ, दाराच्या आणि खिडकीच्या कडेला. वायर त्या पट्ट्यांतूनच न्यायची. ब्रिटनच्या नियमांत भिंतीचा वरचा आणि कोपऱ्याचा 150 मिलिमीटरचा पट्टा, आणि कुठल्याही स्विचच्या किंवा सॉकेटच्या सरळ रेषेतला उभा-आडवा भाग वायरसाठी मानलेला आहे. अनोळखी माणसानेही अंदाज बांधावा आणि तो सहसा बरोबर निघावा, हा त्यामागचा विचार. आपल्याकडेही चांगला वायरमन उभी झिरी मारतो, बोर्डाच्या थेट वर. पण तो चांगला आहे की घाईत आहे, हे गिलावा झाल्यावर कसं कळणार?

आपल्या जुन्या लोकांना झाकलेल्या गोष्टीची खूण वर ठेवायची सवय होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, तेव्हा वाटेवर उच्छ्वास बांधले. हवा खेळावी, गाळ काढता यावा यासाठी ते होते. पण त्यांच्यामुळे खालचा नळ कुठून गेला आहे हे वर चालणाऱ्यालाही समजायचं. शहर वाढलं, पुष्कळसे उच्छ्वास दिसेनासे झाले, आणि खाली काय आहे हे न कळता त्या नळावर खोदकामं होत गेली.

आता फोटो कसा काढायचा, त्याबद्दल. भिंतीसमोर सरळ उभं राहायचं, फोन भिंतीला समांतर धरायचा आणि भिंतीच्या अर्ध्या उंचीवर आणायचा. तिरका काढलेला फोटो सुंदर दिसेल, पण त्यावरून मोजता येणार नाही. पहिला फोटो अख्ख्या भिंतीचा, दोन्ही कोपरे, जमीन आणि छत दिसेल असा. खोली लहान असेल तर फोनच्या रुंद लेन्सचा मोह होतो. ती लेन्स कडांना ओढते आणि सरळ रेषा वाकवते, म्हणून त्याऐवजी दोन-तीन फोटोंत भिंत बसवावी आणि दोन फोटोंत थोडा भाग सारखा यावा. मग जवळून, प्रत्येक बोर्ड, प्रत्येक वळण, प्रत्येक जोड. या जवळच्या फोटोंत मेजर टेप असलीच पाहिजे, आणि तिच्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. सुतार आणि गवंडी इंच आणि सुतात बोलतात, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तुम्हाला सुताची अचूकता नको आहे. इंचभर इकडे-तिकडे चालेल, फूटभर चालणार नाही.

मोजायचं कुठून, याच ठिकाणी बहुतेकांचं गणित फसतं. भिंतीला झिऱ्या मारतात तेव्हा फरशी बसलेली नसते. कच्च्या जमिनीपासून चार फुटांवर पाइप आहे अशी नोंद केली, आणि नंतर रेती-सिमेंटचा थर आणि फरशी मिळून जमीन दोन-तीन इंच वर आली, की ती नोंद तेवढीच खोटी ठरते. म्हणून गवंड्याने मारलेली लेव्हलची रेघ शोधायची. पाण्याच्या नळीने किंवा आता लेझरने, तयार फरशीपासून ठरावीक उंचीवर, बहुधा एक मीटरवर किंवा तीन फुटांवर, सगळ्या खोल्यांतून एक रेघ फिरवलेली असते. खिडक्या, ओटा, बोर्ड, सगळं त्या रेघेवरून ठरतं. तुमचंही माप त्या रेघेपासून घ्या, आणि रेघ तयार फरशीपासून किती उंच आहे ते गवंड्याला विचारून फोटोतच खडूने लिहा. आडवं माप कोपऱ्यापासून घेताना लक्षात ठेवायचं की गिलाव्याने कोपराही अर्धा-पाऊण इंच पुढे येणार आहे. दाराची चौकट बसलेली असेल तर तिच्यापासून घेतलेलं माप जास्त भरवशाचं.

भिंतीवर खोलीचं नाव, दिशा आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. ‘झोपायची खोली, पूर्व भिंत’. तेव्हा हे लिहिणं अगदी अनावश्यक वाटतं. बोडक्या विटांचे शंभर फोटो फोनमध्ये साठले की सहा महिन्यांनी आपल्याच घरातली एक भिंत दुसरीपासून ओळखू येत नाही.

न्हाणीघराचं काम थोडं वेगळं आहे. तिथे एकावर एक तीन थर झाकले जातात. आधी खोलगट स्लॅबमधले सांडपाण्याचे पाइप आणि नहाणी ट्रॅप, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग भिंतीतले गार-गरम पाण्याचे पाइप, शेवटी टाइल. प्रत्येक थराआधी फोटो हवा. प्लंबर पाइपलाइनमध्ये हातपंपाने पाण्याचा दाब देऊन ठेवतो तेव्हा गेजचा फोटो संध्याकाळी एक आणि सकाळी एक घ्यावा, काटा वाचता येईल असा. काटा उतरला असेल तर टाइल लावायच्या आधी कळेल. काटा जागेवर असेल तर तो फोटो पुढे कामी येतो. आपल्या सोसायट्यांत वरच्या न्हाणीघरातून खालच्या छतात गळती झाली की वर्षानुवर्षं भांडणं चालतात. वरचा म्हणतो माझा पाइप नाही, खालचा म्हणतो तुमचाच. मग अख्खं न्हाणीघर फोडलं जातं. ट्रॅप कुठे आहे आणि उतार कोणत्या दिशेला दिला आहे हे दाखवणारा एक फोटो असेल तर नेमक्या जागी दोन टाइल काढून काम भागू शकतं.

या फोटोंत आणखी एक गोष्ट आपोआप येते. गिलावा न झालेल्या भिंती म्हणजे कामगारांची वही असते. विटांवर पेन्सिलीने, कोळशाने, मार्करने लिहिलेलं असतं. सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब, कुणाची किती हजेरी, उचल किती घेतली, सुतारासाठी खिडकीचं माप, वायरमनच्या खुणा. बोर्डाशेजारी ‘एसी’, ‘गिझर’, ‘टू वे’. कुठे मराठीत, कुठे हिंदीत, कुठे कन्नडमध्ये, कुठे बंगालीत. एखाद्या भिंतीवर कुणीतरी आपल्या मुलीचं नाव लिहिलेलं असतं, कुठे गावी जायच्या गाडीची वेळ. महाराष्ट्रातली घरं मराठवाड्यातली, विजापूर-कलबुर्गीकडची, बिहारची, बंगालची माणसं बांधतात आणि गिलावा झाला की त्यांच्या हातचं अक्षर कायमचं आत जातं. पाइपच्या निमित्ताने त्या अक्षराचाही फोटो राहतो. मला वाटतं तो जपून ठेवण्यासारखा आहे. त्याच दिवशी वायरमनचा, प्लंबरचा, गवंड्याचा त्यांच्या परवानगीने एक फोटो काढावा आणि मागे नाव लिहावं. ज्यांनी आपलं घर बांधलं त्यांचे चेहरे घराच्या अल्बमात असावेत, एवढी साधी गोष्ट आपण करत नाही.

बांधकामाचा फोटो काढायची पद्धत देशात नाही असं मात्र नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात, म्हणजे खेड्यात ज्याला सगळे घरकुल म्हणतात त्यात, पाया, जोतं, लिंटेल, छत अशा टप्प्यांवर जागेची खूण असलेला फोटो काढून अपलोड होतो आणि त्यावर पुढचा हप्ता मिळतो. कर्ज काढून बांधणाऱ्याच्या घरी बँकेचा माणूस येऊन टप्प्याचे फोटो घेऊन जातो. हे फोटो पैसे योग्य जागी लागले का हे पाहण्यासाठी असतात आणि त्या कामाला ते पुरतात. भिंतीत काय आहे हे त्यांत कुणी बघत नाही, आणि ज्याचं घर त्याच्या हाती त्यांची प्रत सहसा येत नाही. नव्या वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात जोडलेला भार असतो, चाचणीचे आकडे असतात, पण वायरची वाट नसते. घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याला फोटो काढायला माणूस जातोच आहे. लिंटेल आणि छताच्या टप्प्यात त्याने आतल्या चार भिंतींचे चार फोटो जास्त काढले आणि घरमालकाला दिले, तर सरकारला वेगळा खर्च येणार नाही. ही सूचना कुणीतरी मनावर घ्यावी.

फ्लॅट घेणाऱ्याची अडचण याहून मोठी आहे. बांधकाम चालू असताना तो आत जाऊ शकत नाही. शहरांतल्या उंच इमारतींत आता विटांच्या भिंतीच कमी झाल्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओततात. पाइप सळ्यांमध्ये आधीच बांधलेले असतात, साचा बंद झाला की संपलं. तिथे फोटो काढायला काही तासच मिळतात, आणि ते बिल्डरच्या माणसालाच मिळतात. अशा घरात भिंत हीच वजन पेलते, म्हणून नंतर मनाला येईल तिथे झिरी मारता येत नाही. आत काय आहे ते माहीत असण्याची गरज तिथे सगळ्यात जास्त. एका मजल्यावरचे सारखे फ्लॅट एकाच आराखड्याने होतात, त्यामुळे बिल्डरने प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटचे नीट फोटो काढून ताबा देताना द्यावेत, हे काही अवघड नाही. 2016 च्या रेरा कायद्यात ताबा घेतल्यावर आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे मिळण्याचा हक्क घर घेणाऱ्याला कलम 19 ने दिला आहे. कलम 14 प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तो बिल्डरने पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. दोष दाखवायचा तर आतलं काही माहीत हवं. करार करताना विजेच्या आणि नळाच्या प्रत्यक्ष कामाचे नकाशे मागणारे ग्राहक फार थोडे असतात. टाइलचा रंग आणि दाराच्या कड्या यांवर तासन्‌तास बोलणं होतं.

काढलेले फोटो सांभाळायचे कसे, याचं उत्तर छोटं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दबून लहान होतो आणि त्याची मूळ तारीखही जाते. पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मूळ फोटो खोलीवार वेगळे करून दोन ठिकाणी ठेवावेत. आणि नेमके पंचवीस-तीस फोटो छापून, मागे मापं लिहून, घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, खरेदीखताच्या शेजारी ठेवावेत. फोन तीन-चार वर्षांत बदलतो, पासवर्ड एकट्यालाच माहीत असतो, आणि भिंत फोडायची वेळ बहुधा मुलांच्या काळात येते. घर विकलं तर ती फाइल नव्या मालकाला द्यावी. मात्र घराचा आतला आराखडा सगळ्यांना दाखवण्याची वस्तू नव्हे, हेही ध्यानात असू द्यावं.

ज्यांचं घर बांधून झालं आहे त्यांच्यासाठीही काही करता येतं. बोर्डाच्या सरळ वर आणि खाली, नळाच्या सरळ वर आणि खाली ड्रिल लावायचं नाही, दोन बोर्डांना जोडणाऱ्या आडव्या रेषेवरही शक्यतो नाही. भिंतीतलं शोधणारी यंत्रं मिळतात, पण आत कोंबडी जाळी असेल तर ती गोंधळतात, आणि प्लास्टिकच्या पाइपची त्यांना खात्रीने ओळख पटेलच असं नाही. म्हणून जेव्हा कधी दुरुस्तीसाठी भिंत उघडेल, मग ती हातभर का असेना, तेव्हा टेप लावून फोटो घ्या. जुन्या घराची वही अशी थोडी थोडी भरते.

आणि ज्यांचं बांधकाम दिवाळीत अर्ध्यावर असेल त्यांना एक विनंती. सणासाठी गावी गेलेले कामगार परततील आणि गिलाव्याला हात लावतील, त्याआधी एक सकाळ मोकळी ठेवा. मिस्त्रींना सांगून ठेवा की मी येऊन फोटो काढेपर्यंत एकही भिंत झाकायची नाही. ते थांबतील. त्यांना नुसतं सांगावं लागतं.